रुईच्या वाटेची साफसफाई

सत्तरच्या दशकात मी साताऱ्याला बँकेत कारकून होतो. पुण्याहून एक संशोधक बाई फुलपाखरं मोजायला स्वयंसेवक शोधत आल्या, म्हणून कॉलेजात सभा झाली. प्रमुख पाहुणे फुलपाखरांपासून निघाले ते राष्ट्राच्या उभारणीपाशी पोचले आणि तिथून परत आलेच नाहीत. चहा संपल्यावर नाव द्यायला उरलो आम्ही दोघंच: मी आणि जवळच्या गावचे एक निवृत्त सुभेदार. त्यांचा ऊस आता मुलं बघत. घरात त्यांना कुणी काही विचारत नसे. या कामाला ते ड्यूटी म्हणत.

दर रविवारी त्यांच्या मळ्याच्या पायवाटेनं सावकाश चालायचं आणि दिसतील ती फुलपाखरं टिपायची. वाटेच्या दोन्ही अंगांना रुई माजली होती. तिच्यावर नारिंगी फुलपाखरांची जत्रा असे.

काही महिन्यांनी बाईंनी कळवलं, की काम बघायला येते. फौजेत साहेब येणार म्हटल्यावर जे करतात, ते सुभेदारांनी केलं. मी बाईंना घेऊन गेलो, तर रुई जमिनीसरशी छाटलेली, वाट झाडलेली, कडेच्या दगडांना चुना. सुभेदार छातीवर मेडलं लावून सावधान उभे.

आता यांची ड्यूटी गेली, असं मला वाटलं. बाई एवढंच म्हणाल्या, चला, मोजू या. आम्ही तिघं टोकापर्यंत चाललो. एकही फुलपाखरू दिसलं नाही. सुभेदारांनी वळून सगळी वाट पाहिली.

"बाई, म्याच घालवली का वं ती?"

"हो," बाई म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत, म्हणून त्या मला आजही आवडतात. या फुलपाखरांच्या अळ्या रुईचीच पानं खातात, हे त्यांनी समजावलं. "पण रुई पुन्हा फुटेल. कधी फुटली, फुलपाखरं कधी परतली, हे मला कळायला हवं. कोण बघणार?"

"मी हाय की," सुभेदार म्हणाले. आवाज परेडचा नव्हता.

पावसाळ्यानंतर एका शनिवारी मी गेलो, तेव्हा रुई कमरेएवढी झाली होती आणि पानांवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या होत्या. मारुतीच्या हारासाठी पानं तोडायला आलेल्या एका म्हाताऱ्याला सुभेदारांनी अडवलं होतं.

"मारुतीपरीस किडं मोठं झालं व्हय, सुभेदार?" म्हातारा म्हणाला.

"मारुतीला म्या सांगतो, आबा. तुमी वढ्यापल्याडची न्या. हितं लेकरं जेवत्यात."