तोंडाचं चालतं, हाताचं नाही

लेकरांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, धर्मग्रंथाचं भाषांतर इतर भाषांतरांहून वेगळं असतं का. मी विषय बदलला. आज लिहिते, कारण तुम्हाला हा प्रश्न अभ्यासातला वाटतो. मला तो ओट्यावर बसवून शिकवला गेला.

मी निवृत्त झाले त्या वर्षी पाटलांना घरची जुनी पोथी इंग्रजीत करून हवी होती. गावात इंग्रजीची बाई मीच. मला बाहेर ओट्यावर चटई टाकली. आत देवघरात त्यांची सून न्हाऊन, सोवळ्यानं पोथी वाचायची. मी बाहेरून इंग्रजी सांगायचे, ती लिहून घ्यायची. आपण बौद्ध. हे कुणी बोललं नाही. चटईनं सांगितलं.

तरी मी गेले. ओवीची ती मराठी मला हवी होती. दारातून सुनेचा तळवा दिसायचा, पानावर सपाट ठेवलेला. वाचताना ती अडखळायची. तरी पान तिचं. त्या तळव्यावर मी जळायचे.

एका ओवीचा अर्थ लागेना. मी पान बघायला मागितलं. पाटील दारात आले.

"हातात न्हाई देता येत, बाई."

"हळदीच्या पिकावरच्या औषधाचा इंग्रजी कागद वाचायला देता हातात. तिथं मी चुकले तर पीक जळेल."

"दवाईचं अलग हाय. ही देवाची वाणी. तुमी तोंडानं सांगा. तोंडाचं चालतंय."

आतून सून म्हणाली, "सांगा ना बाई, काहून तकलीफ करून घेता?"

"तोंडही माझंच आहे," मी म्हणाले. चप्पल घातली आणि निघाले.

पुस्तक निघालं. वर सुनेचं नाव. अर्ध्यापर्यंत माझी वाक्यं, पुढं इंग्रजी लंगडतं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. अजून येत नाही.

तर उत्तर. औषधाच्या कागदाचा अर्थ सांगितला की काम संपतं. ओवीचा अर्थ सांगूनही काही उरतं, म्हणून तिच्यापुढं पुन्हा बसावं लागतं. फरक एवढाच. बाकीचा फरक पाटलांनी केलेला.

तीच पोथी छापील मिळते. मी वसमतहून आणली. हळद निवडता निवडता, पिवळ्या हातांनीच पानं उलटते. पहिल्या ओवीपासून सगळं नव्यानं करते आहे, माझ्या नावानं. कुणाला विचारलेलं नाही, विचारणार नाही.

पोथीचं बारीक अक्षर मला अजून दिसतं.