माझ्या काठीचं मागचं टोक

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आजही नाही. सासऱ्यांनी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली, तेव्हा अंगारे-धुपारे, अंगात येणं, दृष्ट काढणं हे सगळं आमच्या उंबऱ्याबाहेर गेलं ते परत आलं नाही. त्यात मी सरकारी नोकरीत जन्म काढलेली, पुराव्याशिवाय सही करायची नाही ही हाताला सवय. सून या साइटवरचे अनुभव मोठ्यानं वाचते तेव्हा फाटे फोडायला सगळ्यात पुढे मीच असते. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय... पण लिहिते.

हिंजवडीला धडाधड कंपन्या येत होत्या, तेव्हाची गोष्ट. मुलगा तिकडेच आयटीत, सकाळी गेला की रात्रीच उगवायचा. सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं रिटायर्ड माणसं एकमेकांच्या चुका काढत बसायचो. त्यावर उतारा म्हणून साठीपुढच्या लोकांच्या एका ट्रेकिंग ग्रुपमध्ये नाव घातलं. रविवारी टेम्पो ट्रॅव्हलरनं निघायचं, डब्यात थालीपीठ, गुडघ्यांना पट्टे. गड सर करण्याचा हट्ट नाही. मावळातल्या नद्यांच्या काठाकाठानं जमेल तेवढं चालायचं, दुपारी झाडाखाली आडवं व्हायचं आणि घरी यायचं.

लीडर मुनीरभाई. शनिवार पेठेत त्यांचं पिढीजात घड्याळांचं दुकान, त्यामुळे शिस्त भयंकर. नदी ओलांडायची त्यांची एक पद्धत होती. प्रत्येकाकडे काठी. आपली काठी मागे धरायची, तिचं टोक मागच्यानं पकडायचं, अशी साखळी. पाण्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून काठीनंच बोलायचं — एक हिसका म्हणजे चला, दोन हिसके म्हणजे थांबा. आपल्याला मिळाला की तोच पुढच्याला द्यायचा. पाण्यात मान वळवून मागे बघायचं नाही, तोल जातो. आणि शेवटच्यानंही आपली काठी मागे मोकळी धरायची, कारण वाडीवरची एखादी बाई किंवा म्हातारा आमच्यामागून यायचा आणि त्यालाही धरायला काहीतरी हवं.

त्या दिवशी आम्ही वेल्ह्याच्या पुढे, कानंदी नदीच्या खोऱ्यात होतो. श्रावण संपत आलेला, डोक्यावर लख्ख ऊन. आमचे साहेब, म्हणजे माझे यजमान, पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर, त्यामुळे नदी दिसली की स्वतःची असल्यासारखं बोलतात. "पोटरीभर पाणी आहे. आभाळ स्वच्छ. चला," म्हणाले. वर घाटमाथ्यावर काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं, आणि त्यांचं मत खोडायची कुणाची छाती झाली नाही. आदल्या वर्षी त्यांची बायपास झाली होती. आपल्याला काही झालेलंच नाही असं दाखवण्याची त्यांना भारी हौस, म्हणून मी मुद्दाम त्यांच्या मागे, सगळ्यात शेवटी उभी राहिले. नजर त्यांच्यावर पाहिजे, एवढाच हेतू.

निम्म्या पाण्यात होतो. डाव्या हातात साहेबांच्या काठीचं टोक, उजव्या हातात माझी काठी, मागे मोकळी. आणि मागून दोन हिसके बसले.

मला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. वाटलं, कोणी गावकरी मागे लागला असेल. सवयीनं मी ते दोन हिसके साहेबांना दिले, त्यांनी पुढे दिले, आणि सगळी साखळी थांबली. थांबल्यामुळे मुनीरभाईंनी मान वर करून नदीच्या वरच्या अंगाला बघितलं. पाण्याचा रंग बदलला होता. काटक्या, पाला, फेस वाहत येत होता. त्यांनी हात वर करून मागे फिरा म्हणून खूण केली.

फिरल्यावर आता सगळ्यात पुढे मी. समोर काठ... आणि कोणी नाही. ना बाई, ना म्हातारा. पण माझी काठी ताणलेलीच होती. कमरेएवढ्या उंचीवर, पाण्याच्या चांगली वर, आणि तिचं दुसरं टोक कुणीतरी घट्ट धरल्यासारखं मला काठाकडे ओढत होतं. मी गेले. भर उन्हात, डोळे उघडे ठेवून गेले. काठ दोन-चार पावलांवर आला आणि काठी एकदम हलकी झाली.

वर चढून मी साहेबांना ओढून घेतलं, त्यांनी त्यांच्या मागच्याला. शेवटी मुनीरभाई आले, आणि त्यानंतर जे पाणी आलं ते मला लिहिता येत नाही. आम्ही उभे होतो ते दगडसुद्धा दिसेनासे झाले. साहेबांचा हात मी धरून ठेवला होता. हा माणूस आज गेला असता, एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि मी रडले.

मुनीरभाईंनी विचारलं, "ताई, थांबा म्हणून तुम्ही दिलंत ना? काय दिसलं तुम्हाला?"

"मी नाही दिलं. मला मागून आलं."

"मागे कोण होतं?"

साहेब म्हणाले, काठी खडकात अडकली असेल. मी म्हटलं, अहो, हवेत कुठला खडक. एरवी माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करणारा माणूस बुटातलं पाणी ओतायला लागला.

सगळे गाडीकडे निघाले, मी निघेना. जवळच्या वाडीवर जाऊन विचारलं, आत्ता कोणी नदीत उतरलं होतं का, कोणी घरी यायचं राहिलंय का. सगळी माणसं जागेवर होती. पूर्वी कोणी बुडाल्याचंही कुणाला आठवत नव्हतं. एक बाई म्हणाली, "घाबरलाय तुम्ही. च्या घ्या."

या गोष्टीचा उलगडा मला आजही झालेला नाही. मनगटाचे स्नायू, वारा, भास, सगळं करून बघितलं. भीती तर तेव्हाही वाटली नव्हती. छळतं ते निराळंच. काठी हलकी झाली तेव्हा मी कडेला पोचले होते. पण तिचं दुसरं टोक ज्याच्या हातात होतं, त्याला मी काठावर चढताना बघितलं नाही. हात पुढे केला नाही, मी वळले ती थेट माझ्या माणसाकडे. साहेब म्हणतात, जे नव्हतंच ते वाहून कसं जाईल? मुद्दा बिनतोड आहे.

ग्रुपमध्ये हा किस्सा अजून निघतो आणि दरवेळी कोणीतरी म्हणतं, नशीब, त्या दिवशी सगळे बाहेर आलो. मी मान हलवते. पण माझ्या तोंडून ‘सगळे’ निघत नाही.