शेवंताबाईंचं रिंगण

केंदूरच्या शेवंताबाई बावीस वर्षं ट्रॅक्टर चालवत आल्या होत्या. त्यामुळे पुतण्या विक्रमनं माळावर कृषी पर्यटन सुरू केलं आणि पर्यटकांसाठी दोन एटीव्ही आणल्या, तेव्हा पहिली किल्ली त्यांनीच मागून घेतली. फुगीर टायरांची चार चाकं, वर मोटारसायकलसारखं हँडल. वळणावर गाडी कलली, तसा त्यांनी तोल सावरायला पाय खाली टेकवला आणि मागचं चाक घोट्यावरून गेलं. दीड महिना पाय प्लॅस्टरमध्ये.

दुसऱ्या कुणी त्या गाडीचं नाव टाकलं असतं. शेवंताबाईंनी विक्रमच्या बायकोला, अपेक्षाला, खाटेशेजारी बसवलं आणि गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक पानपान मराठीत सांगायला लावलं.

"माझं कुठं चुकलं, ते त्यात लिव्हलंय का बघ."

लिहिलेलं होतं. गाडी चालू असताना पाय खाली सोडायचाच नाही. वळताना अंग वळणाच्या आत झुकवायचं, चढावर पुढं. शेवंताबाई खाटेवर बसल्या बसल्याच डावी-उजवीकडं झुकून बघायच्या. अपेक्षाला आधी हसू यायचं. पुढं पुढं तीही त्यांच्यासोबत झुकायला लागली.

प्लॅस्टर निघालं, चाल जराशी लंगडी राहिली. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी नांगरलेल्या रानात चुन्यानं मोठं रिंगण आखलं. येईल त्यानं हेल्मेट आणि बूट घालून आधी त्यात दहा फेऱ्या मारायच्या, मगच टेकडी. एका गाडीवर एकच माणूस. लहान पोरांना गाडी नाही, मग त्यांचे आईबाप कितीही रुसोत.

एका रविवारी कारखान्यातल्या लोकांची सहल आली. त्यात रविराज नावाचे मॅनेजर होते. त्यांनी बायकोला, अंकिताला, मागं बसायची खूण केली.

"दुसरं माणूस बसायचं न्हाई साहेब," शेवंताबाई म्हणाल्या. "आन् आधी रिंगणात."

"मी वीस वर्षं बुलेट चालवतोय, मावशी."

"मग तुमाला जरा जास्त फेऱ्या लागतील. पाय टेकायची सवय मोडावी लागंल."

बाकीचे हसले, रविराजांचा चेहरा उतरला. विक्रम हळूच जवळ आला. "काकी, मोठी पार्टी हाय. जाऊ द्या एकदा."

शेवंताबाईंनी किल्ली मुठीत घट्ट धरली. रविराज खुर्चीत जाऊन बसले.

अंकिता मात्र पुढं आली. तिला साधी सायकलही येत नव्हती. शेवंताबाई तिच्या गाडीबरोबर लंगडत चालल्या. "अंगठ्यानं रेस हळू दाब. नजर चाकाकडं नको, जायचंय तिकडं." दहाच्या जागी सोळा फेऱ्या झाल्या. मग शेवंताबाईंनी तिला टेकडीकडं सोडलं.

अर्ध्या चढावर गाडी बंद पडली.

"वळव, खाली वळव," रविराज खालून ओरडत धावले.

शेवंताबाईंनी हात आडवा धरून त्यांना थांबवलं. आडव्या उतारावर वळवलेली गाडी कशी उलटते, ते त्या जाणून होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "अंकिता, वळवू नगं. अंग पुढं घे. दोन्ही ब्रेक. आता हँडब्रेक लाव आन् चढाच्या बाजूनं उतर."

अंकितानं तसंच केलं. गाडी जागची हलली नाही. शेवंताबाई वर चढून गेल्या. वरच्या अंगाला उभ्या राहून, ब्रेक जरा जरा सोडत, त्यांनी गाडीचं तोंड उताराकडं केलं आणि अंकिताला विचारलं, "तू नेतीस का मी नेऊ?"

"मीच नेते," अंकिता म्हणाली.

ती खाली पोचली, तेव्हा रविराज हेल्मेटचा पट्टा बांधत होते. "मावशी, मला किती फेऱ्या?"

"मोजू नका. मी सांगंन."

पंचवीस फेऱ्यांनंतर त्यांना टेकडी मिळाली.

त्या दिवसापासून विक्रमनं दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या काकींच्या हवाली केल्या आणि पुन्हा कुणासाठी शब्द टाकला नाही. गेल्या महिन्यात यवतजवळच्या एका पर्यटन केंद्रानं शेवंताबाईंना तिथल्या माणसांना गाडी शिकवायला बोलावलं. त्या एसटीनं गेल्या. पिशवीत अपेक्षानं गाडीचं पुस्तक मराठीत उतरवून दिलेली वही होती आणि चुन्याची पुडी.