मावशीची सामलो

माझ्या धाकट्या मावशीने आजवर कुठलीही वस्तू मेल्याचं मान्य केलेलं नाही. सरकारी दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात ती सिस्टर होती. निवृत्त झाली तरी वॉर्ड काही सुटला नाही, फक्त पेशंट बदलले. दिंडोशीच्या आमच्या कॉलनीतले बंद पडलेले मिक्सर, काड्या मोडलेल्या छत्र्या, मान टाकलेले टेबलफॅन सगळे तिच्याकडे ॲडमिट व्हायचे आणि खडखडीत बरे होऊन घरी जायचे, कधीकधी मालकाला नको असले तरी. माझ्या मामेभावाच्या रिसेप्शनला स्टेजवरच्या राजेशाही खुर्चीचा एक पाय तिला लटपटताना दिसला. पाहुणे आहेर घेऊन रांगेत उभे, आणि हिने नवरदेवाला उठवलं, खुर्ची आडवी केली आणि पर्समधून पाना काढला. नवरी बिचारी रडवेली झाली. "दोन मिनिटं थांब गं," मावशी तिला म्हणाली, "नवरा उताणा पडला तर फोटोत बरं दिसेल का?" आमचे काका, म्हणजे तिचे यजमान, अबोल माणूस. ते जेवायला बसण्याआधी पाटावर स्क्रू नाही ना, एवढं हाताने चाचपून बघायचे.

तिची एक मैत्रीण मढला राहते, चांगुणा. पूर्वी ती आमच्या कॉलनीत मासळी घेऊन यायची. पापलेटाच्या भावावरून त्या दोघींची पहिली भांडणं सगळ्या बिल्डिंगने गॅलरीत उभं राहून ऐकली आहेत, आणि त्यातूनच मैत्री झाली. पुढे चांगुणाचे गुडघे गेले. टोपली सुटली, मग बंदरावर जाणं सुटलं, मग दारापुढचं अंगणसुद्धा लांब वाटायला लागलं. मावशीने कुठून तरी चाकाची खुर्ची मिळवून तिला नेऊन दिली. पुढच्या खेपेला मी बरोबर होते. बघतो तर त्या खुर्चीवर सुकायला घातलेले बोंबील.

"ती आजारी मानसाची खुर्ची," चांगुणा म्हणाली. "मी कं आजारी हाय? ज्या बंदरावर टोपली घेऊन उभी ऱ्हायले, तिथं लोक मना ढकलत नेतील? त्यापरीस घरात मरेन."

वॉर्डात भल्याभल्यांना गप्प करणारी माझी मावशी त्या दिवशी खुर्ची तिथेच सोडून निघाली. परतताना शेजारच्या बंगल्यापाशी ती थबकली. तो बंगला शूटिंगला भाड्याने देतात. त्याच्या मागच्या आवारात, माडाखाली, एक विचित्र तीनचाकी गंजत पडली होती: पुढे सायकल, मागे दोघांना बसायचा लाकडी बाक, वर फाटका टप. बाकावर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. रखवालदाराने सांगितलं, की बंगल्याचे आधीचे मालक बोटीवर नोकरीला होते, त्यांनी ही थायलंडहून आणली. तिकडे अशा गाड्यांतून माणसांची भाड्याने ने-आण करायचे, सामलो म्हणतात हिला. मग शूटिंगवाल्यांनी चारदोनदा रंगवली आणि टाकून दिली. मालकांना फोन झाला. ते म्हणाले, न्या, आवार मोकळं होईल. रखवालदाराची एकच अट होती: पिल्लं बाहेर येईपर्यंत थांबायचं. मावशीने ती मान्य केली. बाळंतिणीला उठवणं तिच्याही तत्त्वात बसत नव्हतं.

पिल्लं झाली आणि सामलो टेंपोत चढली. बांधलेली दोरी सुटेल म्हणून मावशी स्वतः मागे, सामलोच्याच बाकावर बसली. मालाडच्या ट्रॅफिकमध्ये उघड्या टेंपोवर तीनचाकीत ताठ बसलेली माझी मावशी लोकांनी मोबाइल काढून टिपली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी तोंड लपवून बसले होते.

कॉलनीत सेक्रेटरी खाली आले. "मावशी, पार्किंगमध्ये भंगार चालत नाही."

"भंगार कोणाला म्हणतोस? पेशंट आहे," मावशी म्हणाली. "आणि पार्किंग माझंच आहे. माझी गाडी नव्हती, आता आली."

त्यानंतर पावसाळा संपेपर्यंत आमची सगळी बिल्डिंग त्या पेशंटभोवती फिरत होती. समुद्राच्या खाऱ्या हवेने लोखंड पापडासारखं झालं होतं. वाकोल्याच्या वेल्डरने हात जोडले, "इसमें कुछ बचा नहीं, माताजी." मावशीने त्याला चहा पाजला आणि समोर स्टूल टाकून बसली. पुढच्या चाकाचा मोडलेला चिमटा सांधून होईपर्यंत उठली नाही. रिमा जुळेनात, आऱ्या मिळेनात. एक चाक सरळ झालं की दुसरं वेडंवाकडं नाचायचं. बाकाची कुजलेली फळी तिने काढली आणि काकांचा जुना सागवानी पलंग नाहीसा झाला. काकांनी खाली गादी घातली आणि म्हणाले, "जमिनीवर झोप छान लागते." त्यांच्या तोंडून इतकं मोठं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग रंग. पॉलिश पेपरने जांभळा खरवडला, तर खाली हिरवा. हिरवा गेला, तर खाली मूळचा लालभडक, आणि मागच्या पाटीवर पिवळी थाई अक्षरं. ती पुन्हा गिरवायची होती, पण अर्थ कळल्याशिवाय मावशी ब्रश लावेना. "उद्या शिवी निघाली तर?" तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेचा भाऊ बँकॉकला असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर एका थाई आजोबांना ती अक्षरं दाखवली. आजोबा आधी सामलो बघून खुदकन हसले, मग जुन्या आठवणीने डोळे पुसायला लागले. लिहिलं होतं एवढंच, की दोनच माणसांनी बसावं. मावशीने जीभ दातात धरून एकेक अक्षर गिरवलं.

गाडी झकास उभी राहिली. चालवायची वेळ आली आणि वाट लागली. मावशी तरुणपणी वेंगुर्ल्यात सायकल दामटायची, तेव्हा तिला भीती कसली? पण सायकल वळताना कलते, तीनचाकी कलत नाही. मावशी कलली, गाडी सरळ गेली ती थेट नोटीसबोर्डावर. "कोणी बोर्ड हयसर लावल्यानी?" ती पडल्या पडल्या ओरडली. चिडली की ती मालवणीत येते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बागेभोवती पुन्हा चाकं फिरायला लागली, आणि हळूहळू सेक्रेटरीही वाटेतली कुंडी स्वतःच्या हाताने बाजूला करायला लागले.

सामलो मढला नेली त्या दिवशी मावशी वाटभर पदराने घंटीच पुसत होती. चांगुणाने पुन्हा मान फिरवली असती, तर तिच्याकडे दुसरा इलाज नव्हता. चांगुणा काठी टेकत दारात आली. लाल रंग, पितळी घंटी, मावशीने शिवलेला निळा टप, सगळं तिने निरखून बघितलं.

"परत पेशंट करतेस मना?"

"पेशंट नाही गं," मावशी म्हणाली, "पॅसेंजर! बसायचं तर बस, नाहीतर दुसरं भाडं बघते."

चांगुणा आत गेली. आम्ही ताटकळत उभ्या. ती बाहेर आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोली माळून. बसली आणि म्हणाली, "चल. बंदरावर."

मढच्या गल्लीतून ती सामलो निघाली तेव्हा लोक घरांतून बाहेर आले. चढावर मावशीला दम लागला. मी मागून हात लावायला गेले तर दोघी एकदम खेकसल्या, "सोड!" बंदरावर होड्या लागल्या होत्या. जाळी झटकणाऱ्या बायका हातातलं काम टाकून धावल्या, कोणी चांगुणाच्या गालावरून हात फिरवला. ती मात्र गाडीतूनच विचारत होती, "ही सुरमई केवढ्याला? लुटतेस कं गं?" मावशी हँडल धरून घामाघूम उभी होती. मी आजवर पुष्कळ लोकांना सत्कार घेताना बघितलं आहे, पण त्या दिवशी माझ्या मावशीइतकं ताठ उभं राहिलेलं माणूस मी बघितलेलं नाही. बघणाऱ्यांना मी सांगत सुटले होते, "ही माझी मावशी. सख्खी."

सामलो आता मढलाच असते. आम्ही रविवारी जातो. गेल्या रविवारी मावशी हँडलपाशी आली, क्षणभर थांबली, गुडघ्यावर हात दाबला आणि म्हणाली, "आज तू घे गं." मग वळून चांगुणाशेजारी बसली. मी हँडल धरलं. मागे दोघींचं कुजबुजणं चालू होतं, मधेच हसणं. बंदर आलं. "पोहोचलो, उतरा," मी म्हटलं.

"एवढ्यात?" मावशी म्हणाली. "जरा पुढे घे ना."

ऊन उतरलं होतं. मी गाडी किनाऱ्याच्या रस्त्याने सावकाश पुढे घेतली.