बानं डफडं तापवलं नाही

आमच्या गावात पाटलाच्या घरचं लग्न असलं की मांडवाच्या दारात आधी बाचं डफडं वाजायचं, मगच नवरदेव घोड्यावर बसायचा. बा म्हणजे माझा बाप. वाजवायच्या आधी तो भाताच्या तणसाचा जाळ करायचा, डफड्याचं कातडं त्यावर धरायचा आणि मधूनमधून टिचकी मारून बघायचा. कातडं तापून ताणलं गेलं की बाचं तोंड असं खुलायचं! वाजवून झाल्यावर जेवण मात्र मांडवाबाहेर, धुळीत पत्रावळ मांडून.

छप्पन साली बा नागपूरहून दीक्षा घेऊन आला. घरातले देव वैनगंगेत सोडले आणि मोहल्ल्यात सांगितलं, आता मेलेली ढोरं ओढायची नाहीत, कुणाच्या दारात वाजवायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय जातं!

पुढच्या उन्हाळ्यात पाटलाच्या थोरल्या मुलाचं लग्न निघालं. ऐन मुहूर्ताला पाटलाचा गडी धावत आमच्या दारात आला. बा ओसरीवर दोर वळत बसला होता.

“चाल ना गा, सारे खोळंबले तिकडं.”

“मी नाही येत.”

“काहून?”

“आमी आता बाजा वाजवत नाही. पाटलाले सांग.”

गडी तोंड वासून बघतच राहिला. शेवटी म्हणे पितळेची परात बडवून नवरदेव काढला. तो खणखणाट आमच्या घरापर्यंत येत होता आणि मी हसून हसून लोळत होते. बा हसला नाही. मला पोरीला वाटलं, आता गाव सुधारलं.

गाव कुठलं सुधारतंय! त्या वर्षी भाताच्या रोवणीला आम्हाला कुणी बोलावलं नाही. पुढच्या लग्नाला बालाघाटहून बॅण्ड आला. जी जागा बानं हट्टानं रिकामी ठेवली, ती गावानं चुटकीसरशी भरून टाकली. याचा मला आजही संताप येतो.

बा तिरोडीला खदानीत लागला. सुट्टीला घरी आला की भिंतीवरच्या डफड्याकडे बघत बसायचा. पावसाळ्यात कातडं सैल पडलं. आई एकदा म्हणाली, “घरात तरी वाजवा जी, कोन पाह्यते?”

“हात लावला तं मंग थांबनार नाही मी,” बा म्हणाला.

त्यानं हात लावला नाही. पुढे उंदरांनी ते कुरतडलं.

काही वर्षांनी बाचे हात कापायला लागले. खदानीनं की वयानं, कुणी सांगितलं नाही. चहा बशीत ओतला तरी अर्धा सांडायचा. तो घरी बसला. माझा धाकटा भाऊ हिंदी शाळेतून मॅट्रिक झाला, बालाघाटच्या सगळ्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवून आला आणि एक दिवस लाल कोट घालून दारात उभा राहिला. बॅण्डमध्ये ढोल वाजवायचं काम मिळालं होतं.

“हे गावचं काम नाही, बा. पार्टी है. ड्रेस मिलता है.”



त्याच हंगामात तो बॅण्ड आमच्या गावात आला, पाटलाच्या धाकट्या मुलाच्या लग्नाला. वरात आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी थांबली. भाऊ आमच्याकडे पाठ करून वाजवत होता, आणि फार चांगलं वाजवत होता. बा भर दुपारी उठला, दार लावलं आणि खाटेवर बसून राहिला.

वरात गेल्यावर मी लग्नघराकडे चक्कर मारून आले. लाल कोटवाले मांडवाबाहेर धुळीत ओळीनं बसले होते, पुढ्यात पत्रावळी. भाऊ मान खाली घालून जेवत होता.

मी घरात शिरून दार पुन्हा लावून घेतलं. बा खाटेवरच होता.

“पोरगा जेवला?”

“हौ.”

“कुठं बसवलं त्याले?”

“मांडवात,” मी म्हणाले.

“हौ,” बा म्हणाला. पण दार उघड, असं काही तो म्हणाला नाही.