चालत्या जीपमधली सभा

आमच्या संस्थेचे बहुतेक ठराव एकमताने मंजूर होत, कारण नाना बोलताना स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडत. समोर खड्डा असो की उसाने भरलेला ट्रॅक्टर, मुद्दा पटवायचा तर हात हलवावेच लागतात, अशी त्यांची समजूत होती. मागे दाटीवाटीने बसलेले आम्ही तिघं प्राचार्य एका सुरात "मान्य, मान्य" म्हणायचो, तेव्हा कुठे ते हात परत चाकावर यायचे. "बगा, किती एकोपा हाय आपल्यात," असं नाना वर खुशीत म्हणत.

नाना म्हणजे आमच्या शिक्षण संस्थेचे सचिव. निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यानंतर पूर्णवेळ शेतकरी. संस्थेची कॉलेजं तीन. पाथरीचं जुनं आणि मोठं, पालमचं मधलं, आणि चारठाण्याचं सगळ्यात धाकटं. त्या धाकट्याची मी प्रभारी प्राचार्य. हा 'प्रभारी' माझ्यामागे इतकी वर्षं लागला होता की नव्या मुलांना ते माझं आडनाव वाटायचं.

पूर्वी सभा आळीपाळीने एकेका कॉलेजात व्हायची. ज्याच्याकडे सभा, तो मोठ्या खुर्चीत बसायचा, त्याचेच विषय आधी निघायचे, आणि बाकीच्यांचे विषय येईपर्यंत जेवणाची पानं मांडलेली असायची. पाथरीत मनाविरुद्ध काही झालं की पालमच्या सरांची एसटी चुकायला लागायची. पालममध्ये तसंच झालं की पाथरीच्या सरांचं डोकं दुखायला लागायचं. म्हणून नानांनी परभणीच्या कार्यालयात सभा भरवून पाहिली. तिथे दोघांनीही एकमेकांचा निषेध करून सभात्याग केला आणि नंतर समोरच्या हॉटेलात एकाच टेबलावर चहा पिताना सापडले. तेव्हा नानांनी हुकूम काढला की यापुढे सभा जीपमध्ये होईल. परभणीहून निघायचं, एक कॉलेज बघायचं, परत यायचं, आणि जाता-येता कामकाज. "चालत्या जीपमधून कोन सभात्याग करतंय ते बगतोच मी," ते म्हणाले.

गुडघ्याला गुडघा लावून बसलं की फार भांडता येत नाही, हे मला त्या जीपमध्ये कळलं. भौतिकशास्त्राचा चांगला प्राध्यापक संस्थेत एकच होता आणि तो कुणाचा यावर कित्येक वर्षं वाद चालू होता. नानांनी तो तिघांत वाटून टाकला. "सावडीनं पेरण्या होतेत, मग शिकवनं का न्हाई व्हनार?" एकमेकांची बैलजोडी मागून पेरणी उरकणाऱ्या गावातला माणूस तो, त्याला यात अवघड काही दिसेना. प्राध्यापक मात्र रागारागाने भेटायला आले आणि मी काय बैल आहे का, असं विचारू लागले. नाना शांतपणे म्हणाले, "तसं कसं म्हनता सर? बैलाला कुठं प्रवासभत्ता भेटतोय?" प्राध्यापकांनी थोडा विचार केला आणि दुसऱ्या दिवशी चारठाण्याला हजर झाले.

नानांचा खरा नियम मात्र वेगळाच होता. आपल्या कॉलेजची बाजू आपण मांडायची नाही, ती दुसऱ्याने मांडायची. "सोताच्या लेकराबद्दल मानूस खरं बोलतच न्हाई," हे त्यांचं कारण. आम्हाला आधी हा पोरखेळ वाटला. पण दुसऱ्याची मागणी मांडायची म्हणजे त्याला फोन करून विचारावं लागे, आणि पुढे पुढे जाऊन बघावंही लागे. पाथरीच्या सभागृहाचं छत गळतं हे मला अशी विचारपूस करतानाच कळलं. तोवर त्यांचं सगळं सोन्याचं आहे अशी माझी खात्री होती आणि त्या सोन्यावर मी मनातल्या मनात जळतही होते.

अशात पाथरीच्या सरांनी प्रस्ताव आणला की चारठाण्याची विज्ञान शाखा बंद करावी आणि तिथली प्रयोगशाळा व प्राध्यापक पाथरीला द्यावेत. आमच्याकडे विद्यार्थी थोडे होते, हे खोटं नव्हतं. पण त्यात निम्म्याहून जास्त मुली होत्या. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून चालत, सायकलवर येणाऱ्या. त्यांना तालुक्याच्या गावी, जिंतूरला पाठवायची घरच्यांची तयारी नव्हती. शाखा गेली की त्यांचं शिक्षण तिथेच संपणार होतं. मी घाबरले होते. मुद्दे पाठ करून करून घसा बसला होता.

जीप चारठाण्याच्या रस्त्याला लागली. मी तोंड उघडणार तोच नाना म्हणाले, "मॅडम, तुमी गप बसा. चारठान्याची बाजू पाथरीचे सर मांडतील. पाथरीची पालमचे सर."

"नाना, बंद करा म्हणणारा मी, आणि करू नका म्हणायचं तेही मीच?" पाथरीचे सर हसले.

"नियम हाय," एवढंच नाना बोलले.

पाथरीच्या सरांची एक गोष्ट सांगायला हवी. कॉलेजात असताना त्यांनी वादविवाद स्पर्धांच्या ढाली जिंकल्या होत्या आणि त्या अजून त्यांच्या केबिनमध्ये चकाकत होत्या. त्यांनी सुरुवात अगदी मरगळून केली. पालमचे सर "माझं काही म्हणणं नाही" असं म्हणून नेहमीप्रमाणे बराच वेळ बोलले. वर्ग ओस, खर्च तेवढाच, पोरं कुठायत? वर हेही म्हणाले, "सर, तुमच्या बाजूत काही दमच न्हाई."

तिथेच घात झाला. पाथरीचे सर सरसावून बसले. "दम न्हाई? तुमी पोरं मोजायलात सर, पोरी मोजा. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या घरातली पोरगी तिथं रसायनशास्त्र शिकायलीय. तिचा बाप तिला पाथरीला पाठवणार हाय का? प्रयोगशाळा उचलून नेता येती, तिला कसं नेणार?" मग थांबणं नाहीच. पालमच्या सरांचा एकेक मुद्दा त्यांनी असा काही सोलला की मी माझे पाठ केलेले मुद्दे विसरून ऐकतच राहिले. त्यातले निम्मे मला सुचलेही नव्हते.

त्या दिवशी एक नवल झालं. नानांचे दोन्ही हात सबंध रस्ताभर चाकावर होते आणि ते एक शब्द बोलले नाहीत.

चारठाण्याच्या जुन्या देवळांपाशी जीप थांबली तेव्हा प्रस्ताव बारगळला होता. पाथरीचे सर उतरले, बाटलीभर पाणी प्यायले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, मी काय बोललो हो हे?"

"फार छान बोललात सर."

"तेच तर," म्हणत त्यांनी कपाळाला हात लावला.

पुढे नानांची नजर अधू झाली आणि जीप बंद पडली. सभा आता मोबाईलवर होते, तिचा बराचसा वेळ "आवाज येतोय का" यातच जातो. नानांना भेटायला मी त्यांच्या शेतावर गेले होते. बोलता बोलता मनातलं विचारलं, "नाना, त्या दिवशी तुम्ही गप्प का होतात? तुमचं मत काय होतं?"

"माजं? बंद करावं, असंच व्हतं."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"तोंड उघडलं असतं तर त्येच भायेर पडलं असतं," नाना म्हणाले. "सचिवच बोलला की बाकीचे मान डोलवतेत. म्हनून गप बसून ऐकलं. सर लय चांगलं बोलले. मला पटलं."

काही महिन्यांनी नाना गेले. पाथरीला शोकसभा झाली. त्या गळक्या सभागृहात पाथरीचे सर उभे राहिले, पण ढालीवाल्या वक्त्याला त्या दिवशी धड बोलता येईना. "नानांचा जीव चारठाण्यावर," ते कसंबसं म्हणाले. "ते पहिल्यापासून मॅडमच्याच बाजूचे. मला त्यांनी मुद्दाम बोलायला लावलं." सगळ्यांनी माझ्याकडे बघून माना हलवल्या.

सर, तसं नव्हतं. ते तुमच्या बाजूचे होते, आणि तरीही माझी बाजू शेवटपर्यंत ऐकावी म्हणून ते गप्प बसले, एवढंच मला उठून सांगायचं होतं. पण रडू आवरेना, आणि ते सांगायचं राहूनच गेलं.