खवट शेंगदाण्यांचं भडंग

माझ्या वडिलांची थोरली बहीण रंकाळा तळ्याच्या चौपाटीवर भेळ-भडंगाची गाडी लावायची. आम्ही घरातली मुलं तिला आत्ती म्हणायचो, बाकी सगळी पेठ अक्का म्हणायची. तिचं लग्न गडहिंग्लजला झालं होतं, ते टिकलं नाही. का टिकलं नाही, हे आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही. एक दिवस ती पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीनं परत आली आणि महिन्याभरात वडिलांना म्हणाली, "मला गाडा करून दे. बसून खायाची न्हाय मी." सासरहून तिनं आणखी एक गोष्ट आणली होती, ती म्हणजे कानडी. चिंचगुळाचं पाणी मनासारखं झालं की तळहातावर थेंब घेऊन ती चाटायची आणि स्वतःशीच म्हणायची, "साकू." म्हणजे पुरे, आता यात काही घालायचं नाही.

तिचं भडंग नावाजलेलं होतं. जाड चुरमुरे, शेंगदाणे, कढीपत्ता, भरपूर लसूण आणि घरात कुटलेलं तिखट, यापलीकडे त्यात काही नव्हतं. पण लसूण सालासकट ठेचून तेलात टाकला की आत्ती कढईकडे पाठ करून दुसरं काम करत बसायची, आणि नेमक्या क्षणी वळून त्यात चुरमुरे ओतायची. मी विचारलं होतं, न बघता कसं कळतं? "वासच हाक मारतोय की," म्हणाली. शेंगदाण्याचं पोतं फोडलं की ती ओंजळ नाकाशी न्यायची. चण्याचं पीठ, शेव, फरसाण, तेलाचा डबा, सगळ्याची परीक्षा आधी नाकानं.

मी अकरावीला असताना ती घरामागच्या परड्यात घसरून पडली. भरलेली घागर कमरेवर होती आणि डोकं मागच्या बाजूनं धुण्याच्या दगडावर आपटलं. टाके पडले, चार दिवस दवाखान्यात राहिली, आणि पंधरा दिवसांत पुन्हा कामाला लागली. आम्हाला वाटलं, थोडक्यात निभावलं.

त्यानंतर काही दिवसांनी मी दुपारी कॉलेजातून आले तर सगळं घर करपलेल्या लसणाच्या वासानं भरलेलं. डोळ्यांत पाणी येत होतं. आणि आत्ती परड्यातल्या चुलीपाशी शांतपणे कांदा चिरत बसलेली, कढई तिच्या पाठीशी.

"आत्ती, लसूण जळतोय की!"

तिनं आधी कढईकडे बघितलं, मग माझ्याकडे. उठून कढई उतरवली. आतलं दार लोटून घेतलं आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "मला वास येत न्हाय. पडल्यापास्नं कशाचाच येत न्हाय."

"मग डॉक्टरना..."

"इचारलंय. येईल म्हणाले, न्हायतर न्हाय बी येणार." मग माझा दंड धरून म्हणाली, "कुणाला सांगायचं न्हाय. तुझ्या बाला बी न्हाय. वास न येणाऱ्या बाईच्या हातचं कोण खाईल?"

तेव्हापासून आमच्या दोघींचं गुपित सुरू झालं. आंबट, गोड, खारट, तिखट तिला जिभेवर कळायचं. पण लसूण कच्चा की करपलेला, तेल ताजं की जुनं, कोथिंबीर आतून सडली का, हे कळत नव्हतं. माझं कॉलेज सकाळचं. दुपारी मी यायचे आणि तिच्या शेजारी बसायचे. ती विचारायची, मी सांगायचे.

"आता?"

"कच्चा आहे अजून."

"आता?"

"थोडं थांब. थांब. हं, ओत!"

पहिल्या महिन्यात दोन घाणे वाया गेले. मग मला जमायला लागलं. जमायला लागलं एवढंच नाही, आवडायलाही लागलं. हरभऱ्याची डाळ जुनी असली की तिच्या पिठाला कसा दमट वास येतो, चिंच नवी आणि जुनी कशी ओळखायची, हे सगळं मला आत्तीनं शिकवलं, तिला स्वतःला त्यातला एकही वास येत नसताना. ती आठवणीतून वास सांगायची. "खवट दाणं म्हंजे कसं, जुन्या दिव्यातल्या तेलागत. ध्यानात ठेव." तीन वर्षं हे असं चाललं आणि गाडीवरच्या एकाही गिऱ्हाइकाला संशय आला नाही.

त्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त मास्तर होते. पांढरी टोपी, हातात छत्री, रोज तळ्याला फेरी मारून झाली की आत्तीच्या गाडीवर यायचे. एक पुडा भडंग घ्यायचे, त्यातलं निम्मं उभ्यानं खायचे आणि निम्मं बायकोसाठी घरी न्यायचे. कमी बोलायचे. मिठाचा दाणा इकडे-तिकडे झाला तरी तेवढं मात्र सांगायचे, आणि आत्तीला त्यांचा राग येत नसे. "मास्तरांची जीभ म्हंजे तराजू हाय," म्हणायची.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. स्नेहसंमेलनात आमचा नाच होता आणि मला दोनला पोहोचायचं होतं. आरशासमोर उभी राहून मी केसांत गजरा माळत होते. दातांत पिना होत्या. आत्ती हातावर शेंगदाणे घेऊन आली.

"नवीन पोतं फोडलंय. जरा बघ गं."

"मघाशी खाल्ले की," मी म्हणाले. "चांगले आहेत."

खाल्ले नव्हते. पोतं कुठं ठेवलंय हेसुद्धा मला माहीत नव्हतं. हात पुढे करून एक दाणा तोंडात टाकायला कितीसा वेळ लागला असता? पण तोंडात पिना होत्या, बाहेर मैत्रिणी हाका मारत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्या रोजच्या 'बघ गं'चा कंटाळा आला होता. आत्ती परत वळली. "येतो गं!" असं ओरडून मी निघाले.

नाच छान झाला. पाच वाजता मैत्रिणी म्हणाल्या, चल, तुझ्या आत्तीची भेळ खाऊ. आम्ही सहाजणी चौपाटीवर पोहोचलो तेव्हा गाडीभोवती बरीच माणसं होती. मास्तर पुडा हातात धरून आत्तीशी बोलत होते.

"अक्का, दाणं खवट हायत आज."

"न्हाईत हो मास्तर."

"अगं, खाऊन बघ की."

आत्तीनं सगळ्यांदेखत दोन दाणे तोंडात टाकले. चावले. मी तिचा चेहरा बघत होते. तिला काहीही कळत नव्हतं हे तिथं फक्त मला माहीत होतं. "चांगलं हायत," ती म्हणाली.

"मला बदलून नको," मास्तर समजुतीनं म्हणाले, "फक्त लोकास्नी देऊ नकोस. तुझंच नाव जाईल."

तेवढ्यात आत्तीला मी दिसले. तिनं नुसतं बघितलं. मी अजून एक दाणाही चाखला नव्हता. नुसतं 'थांब' म्हणून पुढे झाले असते तरी चाललं असतं. पण मैत्रिणी शेजारी होत्या, आणि दुपारी खोटं बोलले हे उघडं पडलं असतं. मी मान हलवली. चांगले आहेत.

आत्तीचा आवाज एकदम चढला. "मास्तर, दाणं खवट न्हाईत. तुमच्याच तोंडाची चव गेलीया. वय झालं तुमचं!"

लोक हसले. आपल्याकडे असं मोठ्यानं बोललेलं लोकांना आवडतं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पुड्याची घडी नीट बंद केली, गाडीच्या कडेला ठेवली आणि छत्री टेकत निघून गेले.

मग आत्तीनं आम्हाला भडंग दिलं. माझी एक मैत्रीण पहिल्याच घासाला तोंड वाकडं करून बाजूला थुंकली. मी एक दाणा खाल्ला. जुन्या दिव्यातलं तेल. अगदी तसंच.

जेवताना वडिलांनी उरलेल्या भडंगाची मूठ भरली आणि लगेच ताटाबाहेर काढली. "खौट हाय की गं अक्का हे! असलं विकलंस व्हय आज?" आत्तीनं माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघत राहिले. ती उठली, भडंगाचा डबा उचलून बाहेर गेली आणि शेजारच्या म्हशीच्या घमेल्यात तो पालथा केला. मला ती एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीच्या जागी जाऊन बसले. आत्तीनं भिंतीवरचं घड्याळ काढून चुलीसमोर मांडलं होतं. लसूण टाकला आणि काट्याकडे बघत उभी राहिली.

"मी बघू का?"

"नको. तू अभ्यास बघ."

नंतर तिनं भडंग बंदच केलं. शेव आणि फरसाण बाहेरून तयार आणायला लागली, चिंच आणि गूळ वाटीच्या मापानं घालायला लागली. भेळ वाईट नव्हती. रोज सारखीच लागायची. गिऱ्हाईक टिकलं. पण तळहातावर थेंब घेऊन चाटणं सुटलं. संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांत पांढरी टोपी दिसली की ती हातातलं काम थांबवून बघायची. मास्तर पुन्हा आले नाहीत.

माझं लग्न शिरोळला झालं. माहेरी आले की आत्ती माझ्यासाठी भेळ कालवायची. एकदा चिंचेचं पाणी आंबलेलं लागलं. फेस येण्याच्या बेतात असलेलं. मी पाहुणी, चार दिवसांसाठी आलेली, कशाला बोला, म्हणून म्हणाले, "छान झालीय."

ती कपडे वाळत घालत होती. मागं न बघता म्हणाली, "तू चांगलंच म्हणणार."

ते ऐकूनही मी भेळ संपवली.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर आत्तीनं गाडी काढून टाकली. तोवर माझा मुलगा शाळेत जायला लागला होता, घराघरांत मोबाईल आले होते. दिवाळीच्या चकल्यांची भाजणी भाजायला आम्ही दोघी बसलो होतो. बाकी कुणी नव्हतं. मी म्हणाले, "आत्ती, त्या दिवशी मी दाणे खाल्लेच नव्हते."

"ठावं हाय."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलून काय झालं असतं? वास आला असता?" तिनं भाजणी हलवली. मग म्हणाली, "माझं जाऊ दे. मास्तरांचं काय करायचं? चारचौघात मी त्यास्नी खोटं पाडलं. तू नुसती मान हलवलीस म्हणून."

दोन दिवसांनी मी मास्तरांचं घर शोधून काढलं. आत्तीला रिक्षात घालून नेलं. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. आतल्या भिंतीवर मास्तरांचा हार घातलेला फोटो होता. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

आम्ही कोण हे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "रंकाळ्यावरची अक्का? या की. ह्यांचा फार जीव होता तुमच्या भडंगावर." पाणी देता देता त्यांनीच विषय काढला. "मग एकदा काय झालं कुणास ठाऊक. घरी येऊन म्हणाले, माझी जीभ गेली. त्यानंतर आमटीला नाव ठेवणं बंद. मी मीठ घालायला विसरले तरी गप जेवायचे. विचारलं की म्हणायचे, मला आता काय कळतंय?"

आत्तीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"वैनी, दाणं खवटच हुते," ती म्हणाली. "मास्तर बरोबर हुते. मलाच वास येत न्हाय, कैक वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं न्हाय."

एवढ्या वर्षांत सख्ख्या भावाला न सांगितलेलं ते तिनं एका अनोळखी घरात सांगितलं. माझं नाव तिनं घेतलं नाही. मी घ्यायला हवं होतं. मी "मीच..." एवढं म्हणाले, तर आत्तीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, जोरात, गप्प बस म्हणून. आणि मी गप्प बसले.

बाईंनी उठून फोटोवरचा हार सरळ केला. रागावल्या नाहीत. "ते असताना हे सांगायला पायजे होतं हो," एवढंच म्हणाल्या.

"व्हय," आत्ती म्हणाली.

त्यांनी चहा केला. तो घेऊन आम्ही निघालो. पायऱ्या उतरताना आत्तीनं माझा खांदा धरला, एकेक पाय जपून टाकला आणि रिक्षात बसल्यावर रस्ताभर बाहेर बघत राहिली.